चौथं माप

सुताराने तेलाचा भरलेला डबा वेल्डरच्या तोंडावर हाणला तो दूध-पावडरीवरून, असं रांगेतली माणसं पुढे सांगत राहिली. पावडर नुसती निमित्त झाली.

शाळेच्या सभागृहात दर शनिवारी सकाळी शिधा वाटायचे. ज्याची चूल थंड पडली त्याने यावं. निवृत्त मास्तरीणबाई टेबलापाशी बसायच्या. घरात जितकी डोकी तितकी मापं, तांदळाची आणि पिठाची. आजारी माणसाने स्वतः यायची गरज नव्हती. घरच्याने सांगितलं की त्याचं माप मिळायचं, वर दूध-पावडरीचा एक डबा. डबे मात्र पाचच यायचे.

सुताराची दोन बोटं करवतीने नेली, बोटांबरोबर कामही गेलं. महिन्याभरात बायको गेली. पहिल्या शनिवारी बाईंनी विचारलं, "घरात कोण कोण?"

"मी, मुलगी, सासूबाई आणि बायको," तो सवयीने म्हणाला.

"मंडळी दिसत नाहीत?"

"बरं नसतं तिला. घरीच असते."

खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण बाहेर आल्यावर त्याला छातीवरचं ओझं जरा हललंसं वाटलं. मग तो दर शनिवारी सांगू लागला. आज ताप उतरलाय. काल दोन घास खाल्ले. चौथं माप घरच्यांच्या पोटात जायचं हे खरंच, पण ती दोन वाक्यं बोलायला मिळावीत म्हणून तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहायचा.

त्या शनिवारी वेल्डर पहिल्यांदाच आला. दोघांनी एका कारखान्यात दहा वर्षं डबा वाटून खाल्ला होता. आता कारखान्याला कुलूप होतं आणि वेल्डरचा बाप खाटेला खिळला होता.

"बाई, म्हाताऱ्याला गिळवत नाही. एक दुधाचा डबा द्या."

"पाचही संपले हो. हा शेवटचा यांच्या मंडळींचा," बाईंनी सुताराकडे बोट केलं.

"कुणाच्या मंडळींचा?"

"माझ्या," सुतार म्हणाला.

वेल्डर त्याच्याकडे बघतच राहिला. मग छप्पर दणाणेल असा ओरडला, "अरे, मी खांदा दिलाय तिला! मेली ती! चार महिने झाले मरून! मेलेल्या बाईच्या नावाने दूध ढोसतो हा, आणि माझा बाप घशाला कोरड पडून चाललाय!"

मेली. सुताराच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. सासू 'ती गेल्यापासून' एवढंच म्हणायची आणि थांबायची. पोरगी तेवढंही म्हणत नव्हती.

टेबलाशेजारचा तेलाचा डबा सुताराने उचलून हाणला, तो बसला तेव्हा फांदी मोडावी तसा आवाज झाला. वेल्डर तांदळाच्या पोत्यावर कोसळला. सुतार त्याच्या छातीवर बसला आणि धडक्या हाताने मारत सुटला. "बोल परत! बोल ना!" वेल्डरने त्याच्या तुटक्या बोटांचा हात पकडून पिळला. सुतार जनावरासारखा ओरडला, पण उठला नाही. त्याने वेल्डरचा कान दातांत धरला. बायका पोरांना घेऊन भिंतीकडे पळाल्या.

"मेल्यांनो, तांदळावर रक्त सांडू नका!" एक म्हातारी किंचाळली. "तोच शिजवायचाय आम्हाला!"

चौघांनी ओढून दोघांना वेगळं केलं. वेल्डरने थुंकीबरोबर एक दात बाहेर टाकला.

बाईंनी वही पुढे ओढली. "इथे ज्याने हात उचलला, त्याचं माप बंद. हे तुम्हाला ठाऊक आहे. आता एकच सांगा. तुमच्या मंडळी आहेत की नाहीत?"

ताप आहे, असं सुताराच्या जिभेवर आलं. सगळं सभागृह त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने ओठांवरचं रक्त पुसलं. ते त्याचं नव्हतं.

"नाहीत."

"म्हणजे?"

"मेली," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, कुणी विचारलं नसताना.

बाईंनी वहीत दोन नावांवर रेघ मारली, तिच्या आणि त्याच्या. दोन मापं पिशवीत ओतली. "ही मुलीची आणि सासूबाईंची. पुढच्या शनिवारी त्यांना पाठवा. तुम्ही येऊ नका." पाचवा डबा त्यांनी वेल्डरच्या हातात दिला.

पिशवी घेऊन सुतार बाहेर पडला. फाटकाशी वेल्डर उभा होता. एक डोळा सुजून मिटला होता, डबा काखेत घट्ट धरला होता.

"माझं उरलंय," वेल्डर म्हणाला.

"माहितीये."

सुताराने पिशवी भिंतीला टेकवून नीट उभी केली, सांडू नये म्हणून तोंडाला गाठ मारली, आणि दोन्ही हात खाली सोडून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.