डब्यावरची नावे

माझ्या पत्नीच्या, अनुराधाच्या आईचा पितळी डबा दिवाळीत अनारसे घेऊन समोरच्या लाउबाईंकडे गेला, तो परत आला नाही. आता अनुराधाची धाकटी बहीण शालिनी धुळ्याहून इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीत आमच्याकडे येणार होती, आणि आल्याबरोबर ती आईच्या वस्तूंची चौकशी करते. ती येण्यापूर्वी डबा घरात हवा, असे मला बजावण्यात आले.

लाउबाईंना कँटोनीजखेरीज भाषा येत नाही. त्यांचा मुलगा विंग जवळच्या ड्रॅगन मार्ट या चिनी बाजारात कुलपे विकतो. आईला तोच सांगेल, असे तो मोडक्या हिंदीत म्हणाला. परंतु मुलाकरवी भांडे मागणे म्हणजे तक्रार केल्यासारखे होते. म्हणून मी वाक्यच शिकवायला सांगितले. यंत्राचे सुटे भाग मांडावेत तसे शब्द मांडून घेतले. ‘ङो’ म्हणजे मी, ‘थायथाय’ म्हणजे पत्नी, आणि शेवटी मालकी सांगणारा ‘के’. वस्तू कोणतीही असो, हा ‘के’ बदलत नाही. आपल्या चा-ची-चेचा संसार तिथे नाही.

दुपारी लाउबाईंच्या दारात उभा राहून मी म्हणालो, “नी को हप हय ङो थायथाय के.” हा डबा माझ्या पत्नीचा.

त्या प्रसन्न हसल्या आणि डबा घेऊन आल्या. आत संत्र्याची वाळवलेली साल होती. झाकणावर सासूबाईंचे नाव, त्याखाली अनुराधाचे, आणि त्याखाली नवी कोरलेली चिनी अक्षरे.

जेवायला आलेला विंग ती वाचून ओशाळला. आईशी बोलून त्याने खुलासा केला. दोन नावे पाहून तिला वाटले, डबा ज्या घरी जाईल त्या घरच्या बाईने आपले नाव घालायचे, अशी तुमची रीत असावी. लाउबाई अक्षरे घासून काढायला निघाल्या. मी त्यांना थांबवले आणि डबा सालीसकट घरी आणला.

शालिनीने आल्यावर झाकण उलटसुलट पाहिले. अनुराधाने चाचरत सगळे सांगितले.

“म्हणजे शेजारणीचं नाव आहे, आणि आईच्या पोटच्या पोरीचं नाही?” शालिनी म्हणाली. “बोलवा त्यांना, ताई. हत्यार घेऊन या म्हणावं.”

लाउबाईंनी शालिनीच्या हस्ताक्षरावरून चौथे नाव कोरले. आता डबा धुळ्याला जायचा की इथेच राहायचा, यावर दोघी बहिणींची खडाजंगी चालू आहे, आणि लाउबाई चहा पीत आळीपाळीने दोघींनाही मान डोलावत आहेत.