एका जागी एक गडी

दिपालीला सकाळपासून चैन नव्हतं. दोनदा चहा झाला, तिसऱ्यांदा आधण ठेवून ती विसरली, आणि करपल्या वासानं सासूबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा ही खिडकीशी उभी राहून फोनचा पडदा नुसताच वरखाली करत होती. राजनंदिनीचा निरोप एका ओळीचा होता. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव, नाहीतर मी पुण्याच्या नोकरीचं नक्की करते. राजनंदिनी तिची कॉलेजातली मैत्रीण. दोघींनी मिळून सोलापुरात बोर्डगेमचं दुकान काढायचं ठरवलं होतं. चार टेबलं, कपाटभर खेळ, कॉलेजच्या पोरापोरींनी यावं, चहा प्यावा, तास-दोन तास खेळून जावं. सगळं ठरलं होतं, जागा सोडून.

जागा म्हणजे सासऱ्यांचा जुळे सोलापूर भागातला गाळा. धोंडीराम मूळचे केम गावचे. तिथली शेती भावाकडे सोपवून त्यांनी या गाळ्यात वीस वर्षं पेंड-भुसा विकला. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि दुकान बंद झालं, पण माणूस काही बंद झाला नाही. रोज सकाळी ते शटर वर करत, रिकाम्या गाळ्यात खुर्ची टाकत आणि जेवणवेळेपर्यंत पेपर वाचत बसत. केमकडचं कुणी शहरात आलं की आधी तिथं टेकायचं. विकायला काही नव्हतं, तरी दुकान चालू होतं तेव्हापेक्षा जास्त माणसं यायची.

अशा माणसाला गाळा मागायचा कसा? या घरात सून सासऱ्यांशी बोलत नाही असं नाही. बोलते, पण कामापुरतं, आणि ते बसले असतील तर उभ्यानं. मागणं असेल तर ते दुसऱ्याच्या तोंडून जातं. दिपालीनं आधी नवऱ्याला, पृथ्वीराजला, पुढं केलं. कंपनीत पन्नास माणसांवर आवाज चढवणारा हा गडी बापासमोर गेला की मिठाची गुळणी धरतो. "बघू" एवढं उत्तर घेऊन तो परतला आणि मोठी कामगिरी केल्यासारखा जेवायला बसला. मग तिनं सासूबाईंना, बजाबाईंना विनवलं. त्यांनाही "बघू"च मिळालं. पाच महिने असे बघण्यात गेले.

आज रविवार. पृथ्वीराज नेमका मित्राकडे गेला होता. जेवणं झाल्यावर धोंडीराम बजाबाईंना म्हणाले, तो खेळ काय हाय ते आणायला सांग तिला, माणसं दोन-दोन तास बसून करत्यात तरी काय ते कळू दे.

दिपालीनं खोका आणून उघडला. तिनं चटईवर पट मांडला, पुठ्ठ्याचं झाड उभं केलं आणि भराभर सांगत सुटली. हे जंगल. प्रत्येकाचे चार गडी. गडी पाठवून काटक्या, डिंक, खडे, बोरं गोळा करायची, आणि त्यातून रानातल्या प्राण्यांचं गाव उभं करायचं, विहीर, कोठार, शाळा, खाणावळ; कशाला काय लागतं ते समोर उघड्या ठेवलेल्या पत्त्यांवर. एका जागी एकच गडी. ज्यानं आधी ठेवला, त्याची जागा. त्याचा ऋतू, म्हणजे खेळाचा टप्पा, संपून तो गडी माघारी येईपर्यंत दुसऱ्यानं तिथं जायचं नाही. ज्याचं गाव मोठं, तो जिंकला. गड्यांत खारी होत्या आणि उंदीर होते. धोंडीरामांनी उंदरांना हात लावला नाही. वीस वर्षं ज्यांनी पोती फाडली त्यांना मी कामाला ठेवणार न्हाय, म्हणाले. उंदीर दिपालीकडे आले.

व्यापारी माणूस, दोन फेऱ्यांत त्यांना सगळं उमगलं. कुठं काय मिळतं, कशावर काय बांधता येतं, पुढच्या ऋतूसाठी काय राखून ठेवायचं, हे त्यांनी न विचारता ओळखलं. खारी पटापट जागा धरू लागल्या. त्यांची विहीर झाली, कोठार झालं. दिपाली चटईच्या कडेला एक गुडघा उभा करून, उठायच्या तयारीत बसली होती. हरण्याचं तिला काही वाटत नव्हतं; सासरे खुशीत आले तर गोष्ट काढणं सोपं जाईल, असा तिचा हिशोब होता. फोन एकदा थरथरला. तिनं तो पदराखाली दाबला. बाजूला बजाबाई शेंगा फोडत होत्या आणि नवरा जिंकतोय म्हणून मनातून खूश होत्या.

तिसऱ्या ऋतूत धोंडीराम थांबले. हातातली खार त्यांनी डिंकाच्या जागेवर नेली, तशीच उचलली आणि दुसरीकडे ठेवली. दिपालीला शाळेसाठी डिंकच हवा होता. तिनं खडे घेतले. पुढच्या डावाला त्यांनी पुन्हा तसंच केलं. तिनं बोरं घेतली.

"हे काय चाललंय तुझं?" ते म्हणाले.

काही नियम चुकला की काय म्हणून ती पट बघू लागली.

"दोनदा मी तितं हात नेला आन उचलला. डिंक तुला पायजे हुता, पत्ते उघडे पडलेत समोर, मला दिसतंय की. तरी तू शिवली न्हाईस. मी जितं बघंल तितनं तू आधीच उठतीस."

बजाबाईंचा हात शेंगांत थांबला. खरंच होतं ते. सासरे खोलीत आले की दिपाली खुर्चीवरून उठायची, ते दारात असले की भिंतीला सरायची, आणि तीच सवय उंदरांना घेऊन पटावर आली होती. तिला त्यातलं काही जाणवलंसुद्धा नव्हतं.

"गाळ्याचं पृथ्वीनं सांगितलं, हिनं सांगितलं," धोंडीराम म्हणाले. "तू एकदा तरी बोललीस? आता खेळायचं आसंल तर नीट खेळ, न्हाईतर उचल ते झाड."

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, पाच महिन्यांचा, आणि त्यातला बराचसा स्वतःवरचा. तिनं गुडघा मोडून नीट मांडी घातली. डिंकाच्या जागेवर उंदीर ठेवला. शाळा बांधली. मग सासऱ्यांना खाणावळीसाठी शेवटच्या काटक्या हव्या आहेत हे बघून, तिला काटक्यांचा काडीचा उपयोग नसताना, दुसरा उंदीर तिथं बसवला. बजाबाई "अगं" म्हणाल्या. तिनं वर पाहिलं नाही. शेवटच्या ऋतूत धोंडीरामांनी पुष्कळ डोकं चालवलं, पण जिथं जावं तिथं उंदीर. खाणावळ झालीच नाही. दिपालीचं गाव मोठं झालं.

"मामा," ती म्हणाली. "मला गाळा पाहिजे."

"आन मी कुटं बसू?"

तोंडात उत्तर तयार होतं. तुम्हीही तिथंच बसा, गाळा तुमचाच आहे. गोड, घरात शोभेल असं. पण ते खोटं होतं. सासरा कोपऱ्यात पेपर घेऊन बसला तर पोरं दारातूनच मागं फिरतील, हे तिला माहीत होतं. टेबलं, दिवे, कपाटं, चहाचे कप, सगळ्याचा तिनं विचार केला होता. या एका माणसाचा केला नव्हता, आणि त्याची तिला लाज वाटली.

"तिथं नाही बसता येणार तुम्हाला," ती म्हणाली. "दुसरं कुठं, ते मला माहीत नाही."

बजाबाईंनी कपाळाला हात लावला. धोंडीरामांनी पटावरच्या आपल्या खारी एकेक करून खोक्यात टाकल्या. मग त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली.

"शटर डावीकडनं आधी उचल. उजवीकडं आडकतंय."

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग चपला काढल्या आणि आत जाऊन पलंगावर बसले. दिपालीनं ते सगळं पाहिलं. तिचा जीव तुटला. किल्ली मुठीत रुतत होती आणि उठून ती त्यांच्या उशाशी ठेवून यावी असं तिला दोनदा वाटलं.

तिनं फोन घेतला आणि राजनंदिनीला कळवलं, हो.