आठ पूर्णांक एक

पिल्लांची शेवटची टाकी पुतणीने सकाळी गटारात सोडली, तेव्हा काका कोपऱ्यात मीटर पुसत उभे होते.

कालवांची पिल्लं वाढवायचा हा लहानसा कारखाना तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर तिने तो अंगावर घेतला. काकांकडे एकच काम होतं, रोज समुद्राच्या पाण्याची आम्लता, म्हणजे पीएच, मोजायचं; आकडा जितका खाली, तितकं पाणी जास्त आम्ल. कामगार त्यांना मीटरमामा म्हणत. आकडा नेहमी एकच, आठ पूर्णांक एक. पाणी ठीक आहे असा निर्वाळा काका देत, आणि दोन दिवसांत पिल्लं मरून तळाशी पिठासारखी साचत. भिंगाखाली पाहिलं तर शिंपला अर्धवट, कडा कुरतडल्यासारख्या.

पाणी चांगलं म्हटल्यावर दोष माणसांचाच. तिने गाळण्या बदलल्या, टाक्या खरवडल्या. मग वीस वर्षं कामावर असलेल्या बाईला, साबणाचे हात पाण्यात घालतेस म्हणून काढून टाकलं. परवा पिल्लं मिळवण्यासाठी ठेवलेली बीजाची मोठी कालवंही विकली. "माझ्या हातालाच यश नाही, काका," असं ती म्हणाली, तेव्हा काकांनी समजूतदारपणे मान हलवली होती.

आता सामानही विकायचं होतं. मीटर तपासून द्यावा म्हणून तिने द्रावणाची बाटली आणली होती. आम्लता बरोबर सात, तसं वर छापलेलंच होतं. काकांनी मीटरची कांडी त्यात बुडवली. साडेसात. धुऊन पुन्हा बुडवली. साडेसातच. म्हणजे मीटर अर्ध्याने चढा दाखवत होता, समुद्राचा खरा आकडा आठाच्या बराच खाली होता.

ते उलट्या क्रेटवर बसले. तशी बाटली संपून सहा वर्षं झाली होती. नवी मागायला त्यांना उगीच संकोच वाटला. मग दर सोमवारी मीटर समुद्राच्याच पाण्यात बुडवून ते स्क्रू फिरवत आणि काटा आठ पूर्णांक एकवर आणून ठेवत. यंत्रं बिघडतात, समुद्र कशाला बिघडेल?

हवेतला धुराचा वायू पाण्यात मुरतो, पाणी आम्लाकडे झुकतं, शिंपल्याला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. हे सगळं त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं, पण दुसऱ्यांच्या समुद्राबद्दल. वेळीच कळतं तर सोडा घालून टाकीपुरतं तरी पाणी सावरता आलं असतं.

आताही स्क्रू जरासा फिरवून काटा सातवर आणला असता तर कुणालाही पत्ता लागला नसता. काकांनी तिला हाक मारली आणि अडखळत सगळं सांगितलं.

तिने मीटर हातात घेऊन स्क्रू पाहिला. मग विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवायचात?"

"उजवीकडे. आकडा वर चढतो तिकडे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"सहा वर्षं एकाच बाजूला. आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं, मीटर जुना झाला."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला, काढून टाकलेल्या बाईचा नंबर शोधला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"तिला काय सांगू, काका?"

टाकीतलं उरलंसुरलं पाणी जाळीतून गुडगुडत गेलं.