उपरण्याखालचा सौदा

सूर्यभानने उपरण्याखाली कानडी व्यापाऱ्याची बोटं दाबली आणि चेहरा कोरा ठेवला. काष्टीच्या बैलबाजारात जुने दलाल भाव असाच ठरवतात. हजार की शंभर एवढं तोंडाने सांगायचं, आकडा मात्र झाकल्या बोटांनी. हात मिळाला की माघार नाही. व्यापारी मान हलवत निघाला, तसा सूर्यभान मोडक्यातोडक्या कानडीत काहीतरी बोलला. व्यापारी हसला, परतला आणि बैलजोडी घेऊनच गेला.

त्याची लेक पंकजा कडेला उभी राहून बघत होती. बारावी झाली होती, सोमवारी पुण्याच्या कॉलेजातले प्रवेश बंद होणार होते आणि घरात बापलेकीची रोज वादावादी चालली होती. तिला परदेशाशी व्यापार करायचा होता. त्याला बापाची ना नव्हती. पण त्यासाठी पोरीने जपानी भाषेची पदवी निवडली, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं.

"व्यापार करायचाय तर कॉमर्स घे," तो आताही म्हणाला. "श्रीगोंद्याला यष्टीनं जा, सांजच्याला घरी. भाषा शिकून काय हुतंय?"

"हिशोब समदेच शिकत्यात, आण्णा. हर्षलदादा कामाला हाय त्या सुप्याच्या कंपनीत जपानी सायेब येतो, तवा त्याच्याशी बोलायला मानूस मुंबईहून आनावा लागतो."

"मग?"

"मग आत्ता त्या कानडी व्यापाऱ्याला कशानं माघारी फिरिवला तुमी?"

सूर्यभानने उपरणं झटकून हातावर घेतलं. पंकजाने पुढे होऊन त्याखाली हात घातला. शेजारचा दलाल सहादेव चहा पिता पिता थांबला. बाईमाणसाने असा हात घातलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"वर्षं," ती मोठ्याने म्हणाली.

पोरगी हट्टी होती, आणि हा हट्ट कुणाकडून आलाय हे बापाला पुरतं ठाऊक होतं. त्याने तिचं एक बोट दाबलं. एक वर्ष बघ, नाही जमलं तर परत ये. तिने हात सोडवून त्याची तीन बोटं धरली. त्याने पुन्हा एक. तिने पुन्हा तीन, या वेळी जोरात. तिने त्याच्यावरची नजर हटवली नाही.

मग त्याने तिचा अख्खा पंजा मुठीत घेतला. पाच.

"आण्णा, पदवी तीनच वर्षांची हाय," ती चाचरत म्हणाली.

"म्हाईत हाय मला. पन पुढं तिकडं जाशील का न्हाई? जपान काय श्रीगोंदा हाय व्हय, सांजच्याला घरी यायला?"

पंकजाला एकदम रडू आलं. मागितल्यापेक्षा जास्त देताना तिने बापाला या बाजारात कधीच पाहिलं नव्हतं.

"कितीला ठरलं रं, सूर्यभाना?" सहादेवने विचारलं.

"लई तोट्यात गेलो," तो म्हणाला. उपरणं खांद्यावर गेलं, तरी तिचा हात त्याने सोडला नव्हता.