अठरावी वस्तू

चिमट्याला गंज नव्हता… निदान गंज तरी असायला काय हरकत होती! पँटचा पाय सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्यावर चढवायचा, तुटक्या बांगडीच्या आकाराचा तो पोलादी चिमटा तळहातावर घेऊन तो उलटसुलट करून बघत होता – कुठे वाकलाय, कुठे चीर गेलीय, काहीतरी, काहीही – पण चिमटा ठणठणीत होता, आणि नेमका त्या ठणठणीतपणाचाच त्याला राग आला.

"कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या सायकलवाल्याकडे मिळाला," बायको ओट्यावर भाजी ओतत म्हणाली. "खिळ्यांच्या डब्यात, अगदी तळाशी. म्हणाला, घेऊन जा बाई, वीस वर्षांत कोणी विचारला नाही."

"जोडी असते त्याची."

"चेन एकाच बाजूला असते."

आता हिच्याशी काय बोलायचं… जाऊ दे.

फ्रिजच्या दारावर यादी लावलेली होती. हेल्मेट, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, घंटी, आरसा, हातमोजे, पंप, पंक्चरचं सामान… अठरा वस्तू, आणि त्यातल्या सतरांपुढे त्याने आपल्या टपोऱ्या अक्षरात 'प्राप्त' असं लिहिलं होतं. सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या भांडारात काढलेला माणूस दुसरं काय लिहिणार? संच अपुरा असेल तर माल खिडकीबाहेर जाणार नाही, हा त्याचा नियम. एकदा चाकाच्या खुर्चीबरोबर पाय टेकवायची एक पट्टी आली नव्हती, तर त्याने मोठ्या डॉक्टरांनासुद्धा तीन आठवडे ताटकळत ठेवलं होतं. इस्पितळभर आपल्याला 'पूर्णसंच' म्हणतात हे त्याला ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं आवडतही होतं. म्हणूनच पाच महिन्यांपूर्वी डबा खाताना, सुटलेल्या पोटावरून चेष्टा चालली असताना, 'आता मी सायकलनेच येणार आहे' असं तो बोलून बसला, तेव्हा 'कधीपासून' हे कोणी विचारलंच नाही. सामान जमलं की येणार, हे सगळ्यांनी आपणहून धरून टाकलं. सायकल आली, सामान जमत गेलं. अठरावी वस्तू मात्र त्याने मुद्दाम निवडली होती. असले चिमटे आता मिळत नाहीत याची त्याने चार दुकानांत जाऊन खात्री करून घेतली होती, आणि चौथा दुकानदार नाही म्हणाला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला होता.

पण ही बाई पाचव्याकडे गेली.

"मग, उद्या सोमवार," ती म्हणाली.

"उद्या… आभाळ कसं आहे ते बघावं लागेल."

"रेनकोट अकरावा आहे यादीत."

त्याने पेन घेतलं आणि चिमट्यापुढे 'प्राप्त' लिहिलं. अक्षर काही टपोरं आलं नाही.

जेवण झाल्यावर तो आडवा झाला, पण डोळा कसला लागतोय! इस्पितळाचं फाटक दिसायला लागलं… फाटकावरचा वॉचमन सलाम ठोकतोय, मुख्य नर्सबाई खिडकीतून वाकून बघतायत, औषधखात्यातले झाडून सगळे पायऱ्यांवर – आणि मी… मी खोटं बोललेलो नाही हो! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने विचारलं होतं, सायकल येते का, आणि मी म्हणालो होतो, "म्हणजे काय!" आणि ते शंभर टक्के खरं होतं. मला सायकल येते. फक्त बसून येत नाही. सीटवर बसून. बारा वर्षांचा होतो, वडिलांची काळी उंच सायकल, पाय पायडलला पुरायचे नाहीत, म्हणून दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हातात हँडल, उजव्या काखेत सीट, आणि अर्धं-अर्धं पायडल मारत खेकड्यासारखं तिरकं… काय सुसाट जायचो मी! वडील दारात उभे असायचे. "आता वर बसू?" "अजून पाय पुरत नाहीत. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, सायकल काकांकडे गेली, आणि ते पुढचं वर्ष… ते काही आलंच नाही. आता वडील जाऊनही अकरा वर्षं झाली. विचारायचं तरी कोणाला?

संध्याकाळी त्याने सगळं अंगावर चढवलं – हेल्मेट, हातमोजे, चमकणारी पट्टी, चिमटा – आणि जिन्याने खाली, वाहनं लावतात तिथे गेला. सायकल खांबाला टेकून उभी होती. टायरवरचे बारीक रबरी केससुद्धा अजून तसेच होते. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. दुकानदार किती समजावत होता, काका, या वयात बिनदांडीची घ्या, चढायला सोपी… पण नाही, दांडी हवीच म्हणून आपण अडून बसलो. का, ते आता कळलं आणि त्याचे कान तापले.

"कुलपाची किल्ली वरच राहिली." बायको मागे जिन्यात उभी होती. किल्ली देऊन ती परत जायचं सोडून शेवटच्या पायरीवर ऐसपैस बसली. "चालवा की. बघू दे मला."

"अगं… मला वर बसून येत नाही."

"वर म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. दांडी, काख, अर्धं पायडल, सगळं. ती आधी ऐकत होती, मग तिने तोंडाला पदर लावला, मग हसून हसून तिची अशी मुरकुंडी वळली की तिला कठडा धरावा लागला. त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

"हसू नकोस."

"नाही हसत," डोळे पुसत ती म्हणाली. "पण दांडीखालून येते ना? मग तशी चालवा. खरंच, दाखवा मला."

"या वयात?"

"मी कोणाला सांगणार आहे?"

त्याने कुलूप काढलं, इकडेतिकडे पाहिलं. उजवा पाय दांडीखालून घालताना हेल्मेट सीटवर खाडकन आपटलं, गुडघा हनुवटीला लागला, पोट मध्ये आलं… पण हात चुकले नाहीत. एक अर्धं पायडल, दुसरं अर्धं, आणि सायकल निघाली! पहिल्या खांबाला वळसा, दुसऱ्या खांबाला वळसा, कोणाच्या तरी गाडीला जरासं घासून, तिरका तिरका, धापा टाकत, आणि बायको टाळ्या वाजवत होती, आणि त्याने घंटी वाजवली – पाच महिन्यांत पहिल्यांदा.

पायरीपाशी येऊन तो थांबला. काखेत सीट होती. वडिलांच्या सायकलची सीट वडिलांचीच असायची, ते दारात उभे असले तरीसुद्धा… ही कोणाची? हिच्यावर तर अजून कोणी बसलेलंच नाही.

बायको उठली आणि मागून कॅरियर घट्ट धरून उभी राहिली. "आता वर बसा."

त्याने पाय दांडीखालून काढला. सीटवर हात ठेवला.

"पाय पुरतील का गं?" त्याने विचारलं. अगदी मनापासून.

या वेळी ती हसली नाही. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, खाली वाकून पायडलकडे पाहिलं.

"पुरतात की," ती म्हणाली. "कधीचेच पुरतायत."

कधीचेच… सवयीने त्याने यादी आठवून पाहिली, एकोणिसावं काही राहिलंय का. काही सुचेना. त्याने उजवा पाय उचलला आणि दांडीवरून पलीकडे टाकला.