विषय : हिरवा-पांढरा मफलर, दोन तुकडे

संदर्भ : मिसिसागा येथील एक वृद्धनिवास, दुसरा मजला. रहिवासी श्री. इम्रे, वय अठ्ठ्याऐंशी, यांच्या मालकीचा लोकरीचा मफलर. सध्या दोन तुकड्यांत. मॅनेजरच्या केबिनमधील कपाटात जमा. तो मालकास परत मिळावा म्हणून केलेला अर्ज.

वर उल्लेखिलेला मफलर तो मी. मीच बोलतोय. भाषा जरा कोरडी वाटेल. माझ्या मालकाने टोरंटोतल्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली आणि दर हिवाळ्यात मी त्याच्या खुर्चीमागच्या खुंटीवर लटकत राहिलो. फायलींच्या शेजारात मुरलेल्या लोकरीला संदर्भ लिहिल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

मुद्दा थोडक्यात असा. मला कपाटात टाकले त्या दिवसापासून इम्रे जेवत नाही. दोन-चार चमचे सूप पोटात जाते, बाकीचे ओठांवरून परत येते. मी लवकर परत गेलो नाही, तर ज्याच्याकडे परत जायचे तो उरणार नाही. एवढाच मुद्दा आहे. पण तपशील जोडल्याशिवाय कुठल्याही कचेरीत मुद्द्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तोही जोडतो.

माझा जन्म बुडापेस्ट शहराच्या नवव्या विभागात झाला. त्या विभागाचे नाव फेरेन्त्सवारोश, आणि तिथल्या फुटबॉल क्लबचे नावही तेच. लोक लाडाने त्याला फ्राडी म्हणतात. क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी निघाला. रंग हिरवा आणि पांढरा. चिन्हावर नऊ पट्टे, कारण विभाग नववा. एका मोसमात तर या लोकांनी लीगमधला एकूण एक सामना जिंकला होता. असे यश माणसाला सोसत नाही आणि सरकारला तर मुळीच सोसत नाही. १९५० च्या सुमारास नव्या कम्युनिस्ट सरकारने क्लबचे नाव बदलले, मग बदललेले नाव पुन्हा बदलले, आणि हिरवा रंग काढून लाल दिला. खेळाडू तेच, चेंडू तोच, पण हिरवा शर्ट घालून टाळ्या वाजवणे आता शहाणपणाचे राहिले नाही.

अशा वेळी इम्रेच्या आईने, इलोनाने, एक जुना हिरवा स्वेटर उसवला, पाळण्यातले पांढरे पांघरूण उसवले आणि मला विणले. नऊ पट्टे. विणून झाल्यावर मला घालायची सोय नव्हतीच. तिने मला इम्रेच्या उशीत घातले आणि उशी शिवून टाकली. तेरा वर्षांचा मुलगा रोज माझ्यावर डोके ठेवून झोपत असे. झोप येईपर्यंत अभ्र्यावरून बोटांनी माझे पट्टे चाचपत असे. हे कोणालाही ठाऊक नव्हते. इलोना, इम्रे आणि मी, तिघेच.

१९५६ च्या शरदात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्या गडबडीत क्लबला जुने नाव आणि हिरवा रंग परत मिळाला. इलोनाने उशी उसवली आणि मला दिवसाउजेडी इम्रेच्या गळ्यात बांधले. थोड्याच दिवसांत रशियाचे रणगाडे आले. गंमत पाहा, रंग परत गेला नाही. आम्ही गेलो. धुक्यातून, चिखलातून, ऑस्ट्रियाची हद्द ओलांडून. इलोना मागे राहिली. तिने माझी गाठ घट्ट केली आणि डावे टोक वर ठेवले. तेव्हापासून डावे टोक वर, हा नियमच झाला.

पुढे कॅनडा. बर्फ, कचेरी, लग्न, एटोबिकोत लहानसे घर. मूल नाही. १९६५ साली फ्राडीने इटलीत जाऊन युव्हेंटसला हरवून युरोपातला कप आणला, तेव्हा इम्रे मला गुंडाळून कामावर गेला आणि दिवसभर त्याने मला काढले नाही. साहेबाने विचारले, घसा दुखतोय का? इम्रे हो म्हणाला. २००६ साली हिशेबाच्या भानगडीवरून क्लबला खालच्या लीगमध्ये ढकलले, तेव्हाही त्याने मला काढले नाही. त्या वेळी कोणी विचारले नाही. बायको गेली होती आणि नोकरीही संपली होती. तीन मोसमांनी क्लब वर आला. आताशा तर लीग जिंकणे त्यांच्या सवयीचे झाले आहे. मालकाची प्रकृती मात्र नेमकी त्याच सुमारास खालच्या लीगकडे निघाली.

त्या घराच्या बेसमेंटमध्ये भाडेकरू आले ते रविकांत आणि चित्रा. मूळचे पुण्याचे. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती एका क्लिनिकच्या ऑफिसात. पहिल्याच दिवशी रविकांत त्याला "इम्रेकाका" म्हणाला आणि म्हातारा चमकला. हंगेरीतही काका नावाच्या मागूनच लागतो. इम्रे बाची. साठ वर्षांत ह्या देशात त्याला कोणी योग्य क्रमाने हाक मारली नव्हती.

मग सामने एकत्र बघणे सुरू झाले. पहिल्याच सामन्यात रविकांत चहा आणायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला हात लावून उभा असतानाच फ्राडीने गोल केला. तो बसायला निघाला. इम्रे ओरडला, "डोन्ट मूव्ह!"

"कळलं, काका," रविकांत म्हणाला आणि चहा गार होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

चित्राने कपाळाला हात लावला. "झालं! पीआर घेतलं, सिटिझन झाला, विंटर टायर स्वतः बदलायला शिकला, पण मॅचला जागा न सोडायचं खूळ काही सुटलं नाही."

"खूळ नाही गं. माझी मावशी वर्ल्ड कप फायनलला शेवटच्या सगळ्या ओव्हर्स वॉशरूममध्ये होती. ती आत गेली आणि फोर बसली. मग बाहेर कोण येऊ देतंय तिला?"

"आणि तू तिला आतून कडी लावायला सांगितलंस."

"जिंकलो की नाही?"

इम्रेला मराठी येत नव्हती, पण विषय त्याला पूर्ण समजला. त्याने आपले नियम सांगितले. मफलरचे डावे टोक वर. शेवटच्या शिट्टीआधी गळ्यातून काढायचा नाही. शिट्टीआधी "जिंकलो" म्हणायचे नाही. रविकांतने ते असे ऐकून घेतले, जसे घरचेच कुळाचार कोणी दुसऱ्या भाषेत वाचून दाखवत आहे. दाराची चौकट त्याला कायमची नेमून देण्यात आली.

दोन हिवाळ्यांपूर्वी दारातला बर्फ शोव्हल करताना इम्रे पडला. खुब्याचे हाड जुळले, डोक्यातले जुळले नाही. सगळ्यात आधी इंग्रजी गेली. साठ-सत्तर वर्षांची इंग्रजी, कारकुनीची, लग्नाची, सगळी. उरली ती इलोनाची भाषा. वृद्धनिवासात ती कोणालाच येत नाही.

तिथे त्याची देखभाल ब्लांचकडे आहे. ब्लांच वसईची. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलते. "इंग्लिश कळत नाही, मराठीही कळत नाही. मग मी तरी का अवघडून बोलू?" असे तिचे म्हणणे. तो हंगेरियनमध्ये उत्तर देतो. दोघांचे बरे चालते. जेवण मात्र चालत नव्हते. एके दिवशी तिने मला त्याच्या हातात दिले. त्याची बोटे माझे पट्टे चाचपू लागली आणि तोंड आपोआप उघडले. "अस्सं! आ करा, बाबा. अजून एक." त्या दिवशी वाटी संपली. तेव्हापासून मी जेवणाच्या वेळी त्याच्या मांडीवर असे. गळ्यात नाही. त्या मजल्यावर गळ्याभोवती सैल कापड चालत नाही, असा नियम आहे. नियम मला अपमानास्पद वाटत असे. आता वाटत नाही.

मागच्या महिन्यात युरोपातला महत्त्वाचा सामना होता. तिकडे संध्याकाळ, इकडे दुपार. चित्रा आणि रविकांत टॅब्लेट घेऊन आले. चित्राने मला मांडीवरून उचलले. "मॅच आहे ना, काका? मग हा असा बरा दिसेल का?" आणि गळ्यात बांधले. डावे टोक वर. मग ती गाडी दुसरीकडे लावायला खाली गेली. रविकांत जाऊन खोलीच्या दारात चौकटीला हात लावून उभा राहिला. तिथून टॅब्लेट दिसत होता आणि व्हीलचेअरची पाठ दिसत होती.

माझे उजवे टोक खुर्चीच्या बाजूने खाली लोंबत होते. ते चाकाच्या आऱ्यांना टेकले होते. मला कळत होते. मला सांगता येत नव्हते.

सामना संपत आला होता. फ्राडीचा एक खेळाडू उजवीकडून आत घुसला. इम्रे पुढे वाकला. "हायरा!" तो म्हणाला. चला, पुढे, असा त्याचा अर्थ. कितीतरी दिवसांत त्याचा आवाज एवढा मोठा झाला नव्हता. गोल झाला. इम्रेने दोन्ही हातांनी चाके पुढे लोटली, जणू मैदानातच उतरायचे होते. मी आऱ्यांत गेलो.

लोकर हळूहळू आवळते. दोरीसारखा झटका बसत नाही. चाक फिरले, मी ताणलो, त्याची मान उजवीकडे खाली ओढली गेली. त्याला वाटले काही तरी अडकले आहे, म्हणून त्याने चाक आणखी जोरात लोटले. त्याच्या घशातून आवाज आला. टॅब्लेटमधून हजारो लोक ओरडत होते. त्यांच्या आवाजात तो आवाज मिसळला. रविकांत दारात उभा. मुठी आवळलेल्या, डोळे पडद्यावर, पाय जागच्या जागी. त्याला वाटले, काका आनंदाने ओरडताहेत. आणि गोल झाल्यावर जागा सोडायची नसते.

माझ्या हातात सुटणे असते तर मी धागा धागा सुटलो असतो. पण इलोनाचे विणणे पक्के होते. सत्तर वर्षे मला त्याचा अभिमान होता.

ब्लांच चहाची ट्रॉली घेऊन दारात आली. तिने बाजूने इम्रेचा चेहरा पाहिला.

"अहो, बघताय काय! बाजूला व्हा!"

रविकांत हलला नाही. तिने त्याला खांद्याने ढकलले, खिशातली बँडेजची कात्री काढली आणि इम्रेच्या कानाखाली बोट घालून मला कापले. पाचव्या पट्ट्यावर. एक तुकडा चाकात राहिला, दुसरा तिच्या मुठीत. इम्रेने श्वास ओढला. तो आवाज ऐकण्यासाठी मी स्वतःला आणखी चार ठिकाणी कापून घेतले असते.

"बाबा, श्वास घ्या. घ्या. मी आहे." मग ती रविकांतकडे वळली. "तुम्ही इथेच उभे होतात?"

"मला वाटलं... गोल झाला म्हणून..."

"तुमच्या गोलाला आग लागो."

चित्रा गाडीची किल्ली हातात घेऊन आली, तेव्हा टॅब्लेटवर पंच हात वर करून उभा होता. तो गोल ऑफसाइड ठरला.

पुढचे रीतसर झाले. ब्लांचने घटनेचा अहवाल लिहिला आणि त्यात काही लपवले नाही. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ह्या कपाटात ठेवले. पिशवी पारदर्शक आहे आणि कपाटाचे दार नीट लागत नाही, त्यामुळे केबिनमधले सगळे कानावर येते. मॅनेजरबाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर प्रकरण सोपे झाले असते. त्यांनी रविकांतला एवढेच विचारले, "माझ्या जागी तुम्ही असता, तर परत दिला असता?" त्या दिवसापासून त्याने एकही सामना पाहिलेला नाही, असे चित्रा सांगते.

इम्रे वाचला. पण जेवायच्या वेळी त्याची बोटे मांडीवर फिरतात, काही सापडत नाही, आणि तोंड मिटते. ब्लांचने टॉवेल देऊन पाहिला. रविकांतने क्लबच्या दुकानातून नवा कोरा मफलर मागवला. तो इम्रेने जमिनीवर टाकला. नवा मफलर सध्या माझ्याच कपाटात आहे. स्वभावाने बरा आहे. पॉलिएस्टर आहे.

कागदावरचा अर्ज चित्राने लिहिला. परवा ती मॅनेजरबाईंसमोर बसून समजावत होती. "गळ्यात नकोच. मी हे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून उशीच्या अभ्र्यावर शिवते. चारही बाजूंनी टीप मारते. टोक असं राहणारच नाही. उशी मांडीवर ठेवायची. बस."

ही कल्पना तिला कोणी दिली नव्हती. उशीची गोष्ट तिला माहीत असणे शक्य नाही. इम्रेने ती कधी कोणाला सांगितली नाही आणि आता सांगायची भाषा त्याच्याकडे उरलेली नाही.

मॅनेजरबाईंनी विचार करून सांगितले की कल्पना चांगली आहे, पण निर्णय त्यांच्या एकटीचा नाही. रहिवाशांच्या सुरक्षेची कमिटी आहे. लोकर धुता येते का, पेट घेते का, हेही पाहावे लागते. कमिटी महिन्यातून एकदा बसते. ह्या महिन्याची बसून झाली.

"आणि तोपर्यंत?" चित्राने विचारले.

"तोपर्यंत डाएटिशियन बघतील."

काल दुपारी केबिनमध्ये कोणी नव्हते. ब्लांच आली. तिने कपाट उघडले आणि पिशवीवर हात ठेवला. हाताला सुपाचा वास होता, म्हणजे ती त्याच्या खोलीतूनच आली होती. बराच वेळ हात तसाच राहिला. मला वाटले, आता निघालो. मग ती हळू म्हणाली, "मीच कापलंय तुला. त्यांचा चेहरा मीच बघितलाय. परत काही झालं तर?" तिने पिशवी होती तशी आत सरकवली आणि दार लावले. दार नेहमीसारखे थोडे उघडे राहिले. फटीतून पुढचा व्हरांडा दिसतो आणि व्हरांड्याच्या टोकाशी त्याच्या खोलीचे दार.

मालकाचे वजन आज पुन्हा कमी भरले. चित्राने अभ्रा शिवून तयार ठेवला आहे, मधली जागा रिकामी सोडून. सदर मफलर उशीत जाण्यास राजी आहे. तिथे राहण्याचा त्यास पूर्वानुभव आहे.

कमिटीची पुढील बैठक पुढच्या महिन्यात. अर्ज प्रलंबित.