वाफ्यासमोरची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. जुनी म्हणजे संग्रहालयात ठेवावी इतकी नव्हे. अडगळीत टाकावी इतकीच. चित्रकार कॅनव्हास टेकवतात ती मी. सुताराने मला माणसापेक्षा एक पाय जास्त दिला आणि चालायचं मात्र शिकवलं नाही.

माझे मालक दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर निवृत्तीनंतर त्यांना फुलांकडे बघावंसं वाटलं. उन्हाळा लागला की ते मला डेलियाच्या वाफ्यासमोर उभी करत. बाग त्यांच्या पत्नीची. डॉक्टर तिथे पाहुणे, आणि मी पाहुण्याचं सामान.

डॉक्टर तेलरंगात रंगवत. तेलरंग सुकायला आठवडा घेतात. डॉक्टर रंग ठरवायलाच तेवढा घेत. इकडे बाई रोज सकाळी कात्री घेऊन कोमेजलेली फुलं छाटत, म्हणजे झाडाला नवी येतात. मग जुंपायची.

"अगं, ते फूल माझ्या चित्रात होतं!"

"मग चित्रात बघा. वाफ्यात ते कालच मान टाकून बसलं होतं."

"दोन दिवस थांबली असतीस तर?"

"तुमच्यासाठी फुलं थांबायला लागली, तर बागेचा दवाखाना होईल!"

डॉक्टर पुटपुटत ते फूल खरवडून काढत आणि दुसरीकडे नवं रंगवत. ओल्या रंगाला चिलटं चिकटत. बाई चष्मा लावून बघत आणि म्हणत, "यातलं हुबेहूब एवढंच."

एकही चित्र पुरं झालं नाही. "हिला एक उन्हाळा कुठेतरी पाठवायला हवं," असं डॉक्टर मला सांगत. मी लाकूड, काय बोलणार?

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या.

यंदा डॉक्टरांनी मला पुन्हा त्याच जागी आणलं. डेलियाची झाडं कंदांतून आपली आपण वर आली आहेत. फुलं देठावरच तपकिरी होतात. कुणी छाटत नाही. समोरचं दृश्य दिवसेंदिवस तसंच राहतं. चित्रकाराला आणखी काय हवं? डॉक्टर रंग काढतात, ब्रश उचलतात आणि बसून राहतात. रंगावर साय धरते.

परवा त्यांची मुलगी आली होती. म्हणाली, "बाबा, ही मोडकी तिवई टाकून देऊ का?"

"नको गं. माझं काम चालू आहे."

तिने कॅनव्हासकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. संध्याकाळी ती परत गेली.

माझ्यासारख्या वस्तूने शेवटी 'मला जपा' म्हणायचं असतं. माझा मागचा पाय खिळखिळा झाला आहे, पण ते राहू द्या. मित्रांनो, आमचं फाटक उघडंच असतं. ऊन डोक्यावर आलं तरी डॉक्टर उठत नाहीत. 'आत चला' म्हणणारं कुणी नाही. जाता-येता डोकावत जा. "काय काढताय, डॉक्टर?" एवढं विचारा.

कॅनव्हास कोरा दिसेल. हसू नका.